मोर ब्रह्मचारी नाही, आणि मोरपिसाला त्याची गरजही नाही

गोकुळाष्टमी जवळ आली की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या, नात्यागोत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. वर मोरपिसाचं सुंदर चित्र आणि खाली लांबलचक मजकूर. थोडक्यात तो असा: मोर हा जन्मभर ब्रह्मचारी राहणारा जीव आहे. नाचताना त्याच्या डोळ्यांतून अश्रू गळतात, लांडोर ते पिते आणि त्यातूनच तिला गर्भ राहतो. म्हणून मोरपीस सर्वांत पवित्र, म्हणून श्रीकृष्णानं ते माथ्यावर घेतलं आणि म्हणूनच मोर आपला राष्ट्रीय पक्षी झाला. पुढे उपयोग येतात. घरात मोरपीस लावा, वास्तुदोष जातो, पाली फिरकत नाहीत. पिसाची राख मधातून चाटवा, उचकी आणि दमा जातो. आणि शेवटची ओळ: मोर पिसं आपणहून गाळतो, तेव्हा बाजारातून हवी तेवढी घ्या, पाप लागत नाही.

हा मेसेज पाठवणारी माणसं आपलीच आहेत आणि ती श्रद्धेनं पाठवतात. मोरपिसावर त्यांचा जीव आहे तेवढाच माझाही आहे. आमच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी मोरपीस असतं आणि यंदाही असेल. पण या मजकुरानं मोराचा खराखुरा संसार पुसून टाकलाय, कृष्णाच्या नावावर भलतंच कारण खपवलंय, आणि शेवटच्या ओळीत तर जिवंत पक्ष्याच्या जिवावर बेतेल अशी मोकळीक दिली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

अश्रूंची गोष्ट आधी घेऊ. मोर, कोंबडा, तितर, लावा हे सगळे एकाच कुळातले पक्षी. परसात कोंबड्या पाळलेल्या कुणालाही मोराचं मीलन वेगळं समजावून सांगायला नको, कारण ते तसंच होतं. पिसारा फुलवून नाचणाऱ्या मोरापुढे लांडोर खाली बसते, मोर तिच्या पाठीवर चढतो, दोघांच्या शेपटीखालची छिद्रं एकमेकांना टेकतात आणि काही सेकंदांत सगळं आटोपतं. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना बाहेर दिसणारं लिंग नसतं, मोरालाही नाही. त्यामुळे नाच तासभर दिसतो आणि मीलन डोळ्यांसमोर होऊनही लक्षात येत नाही. पुढे लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीतच खळगा करून साधारण ४ ते ६ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटी उबवते.

अश्रूंत पाणी असतं, क्षार असतात, थोडी प्रथिनं असतात. शुक्रपेशी नसतात. आणि लांडोरीनं चोचीनं जे काही प्यायलं ते तिच्या पोटात जातं, अंडाशयात जात नाही. नर जवळ नसला तरी कोंबडी अंडी घालते. दुकानातली अंडी अशीच असतात आणि त्यांतून पिल्लं निघत नाहीत. लांडोरीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येतं याचा अर्थ नरमादी एकत्र आले होते. दुसरा अर्थ निघत नाही. उलट एक मोर एका हंगामात अनेक लांडोरींशी जोडी जमवतो आणि पिल्लांच्या संगोपनात त्याचा काहीच वाटा नसतो. सगळा भार लांडोरीवर.

ही कल्पना फॉरवर्डच्याही आधीची, जुनीच आहे. पण ३१ मे २०१७ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांसमोर ती बोलून दाखवली आणि तेव्हापासून तिला कोर्टाचा शिक्का मिळाल्यासारखं झालं. तो निकालाचा भाग नव्हता, बोलण्याच्या ओघात सांगितलेलं मत होतं. ग्रुपवर मात्र 'न्यायालयानंही मान्य केलंय' असं जोडून येतं.

लोकांनी ही गोष्ट का मानली असेल हेही बघायला हवं, कारण आपले पूर्वज काही डोळे मिटून बसलेले नव्हते. मोराच्या डोळ्याच्या वर आणि खाली पांढऱ्या उघड्या कातडीचे पट्टे असतात. काळ्या डोळ्याभोवतीचे ते पट्टे उन्हात चमकतात आणि डोळे पाणावल्यासारखे दिसतात. कालिदासानं मेघदूतात हे टिपलंय: पांढऱ्या कडांचे, पाण्यानं भरलेले डोळे घेऊन मोर केका करत मेघाचं स्वागत करतात. त्यात भर लोककथेची, की मोर आपले कुरूप पाय पाहून रडतो. नाच दिसतो, डोळे ओले वाटतात, लांडोर समोर जमिनीवरचं काही टिपत असते. एवढ्यावरून कथा जुळवली गेली असेल तर नवल नाही. पण कालिदासाचे मोर आनंदानं पाणावलेत. त्यांचे अश्रू कुणी पीत नाही.

आता मेसेजवाले ज्याला पावित्र्य म्हणतात त्याच्या मुळाशी जाऊ. मोर ब्रह्मचारी असता तर मोरपीसच नसतं. हा पिसारा जगण्याच्या दृष्टीनं अडचणीचाच आहे. दीड मीटरपर्यंत लांब, पावसात जड होणारा, झाडीत अडकणारा. चार्ल्स डार्विनला यानं इतका छळला की १८६० साली त्यानं एका मित्राला लिहिलं, मोराच्या पिसाकडे पाहिलं की मला आजारी पडल्यासारखं होतं. जीव वाचवण्याच्या लढाईत असलं ओझं कसं टिकलं, हा त्याचा प्रश्न. १८७१ मध्ये त्यानं उत्तर मांडलं: पिसारा टिकला तो लांडोरीच्या निवडीमुळे. पिढ्यान् पिढ्या लांडोरींनी देखणा पिसारा पसंत केला आणि तो वाढत गेला. इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री यांनी मोकळ्या सोडलेल्या मोरांचं निरीक्षण करून १९९१ मध्ये दाखवलं की ज्याच्या पिसाऱ्यात डोळ्यांसारखे ठिपके जास्त त्याच्याकडे लांडोरी जास्त वळतात. २००८ मध्ये जपानी अभ्यासकांना मात्र असा संबंध सापडला नाही. लांडोर नेमकं काय पारखते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण ती पारखते आणि त्यातून वंश पुढे जातो यावर वाद नाही. म्हणजे आपण देवापुढे ठेवतो ते पीस एका पक्ष्यानं दुसऱ्या पक्ष्याला घातलेली साद आहे. मला तरी यात अपवित्र काही दिसत नाही.

आणि नाच म्हणजे नुसतं मागेपुढे डोलणंही नाही. मोर पिसारा उभा करून तो सेकंदाला साधारण २५ वेळा थरथरवतो, त्याची सळसळ दूरवर ऐकू येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. सगळा पिसारा थरथरत असताना त्यावरचे डोळे मात्र जागच्या जागी स्थिर दिसतात, कारण डोळ्याच्या भागातले तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. ज्याला आपण पिसारा म्हणतो ती मोराची शेपूटही नव्हे. खरी शेपूट २० आखूड तपकिरी पिसांची असते, ती मागून टेकू देते. पुढे दिसणारी लांब पिसं शेपटीवरच्या आवरणाची आहेत.

घरात मोरपीस असेल तर ते हातात घ्या आणि खिडकीशी जा. उजेड तुमच्या पाठीमागून पिसावर पडू दे. मधोमध गर्द जांभळटनिळा ठिपका, देठाच्या बाजूला खाच असलेला. त्याभोवती मोरपंखी, मग तांबूस, मग सोनेरी हिरव्या कडा. आता पीस उलट बाजूला, उजेडासमोर धरा आणि आरपार बघा. निळा गेला, हिरवा गेला. तपकिरी, काळसर सावली तेवढी उरली. पिसात निळा रंग नाहीच. हिरवाही नाही. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच काळपट द्रव्य.

सोलापूरकराला हे चटकन कळावं. आपल्याकडे चादरीचं सूत आधी रंगाच्या हौदात बुडवतात आणि मग जॅकार्डवर नक्षी विणतात. मोराची, मोरपिसाची नक्षी सोलापुरी चादरीवर काही नवी नाही, पण तिथला निळा म्हणजे निळाच रंग घातलेला धागा. मोराच्या पिसात मात्र सूत एकाच काळपट रंगाचं आणि नक्षी सगळी विणीतून उमटलेली. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या काड्या ओळीनं रचलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर सुमारे १५० नॅनोमीटर. हे अंतर थोडं कमी झालं की निळा उजळतो, थोडं वाढलं की हिरवा, आणखी वाढलं की पिवळसर. शांघायच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, १६६५ साली, रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहून नोंदवलं होतं की ते भिजवलं की रंग नाहीसे होतात, म्हणजे हे रंग द्रव्याचे नसून प्रकाशाचे खेळ आहेत. मोरपीस कुटलं तर हाताला काळपट पूड लागते. ते रंग पिसाच्या घडणीत आहेत, ती मोडली की संपले. जे सौंदर्य असं उभं राहतं त्याला पवित्र म्हणायला अश्रूंची कथा कशाला लागते?

"म्हणून कृष्णानं माथ्यावर घेतलं." यातला 'म्हणून' कुठून आला? भागवतात कृष्णाच्या माथ्यावर मोरपिसांचा तुरा आहे, कानांत कर्णिकार फुलं आहेत, गळ्यात वैजयंती माळ आहे. गोपाळ मुलं अंगावर सोनं, मणी, गुंजा असूनही वर फळं, पालवी, फुलांचे गुच्छ, पिसं आणि रंगीत माती यांनी नटतात. गुरं राखायला रानात गेलेली पोरं रानातलं जे सुंदर दिसेल ते अंगावर घेतात, हे ते चित्र आहे. त्याच भागवतात बासरी ऐकून मोर धुंद होऊन नाचतात. ब्रह्मचर्याचा उल्लेख त्यात नाही. कालिदासालाही इंद्रधनुष्य लागलेला मेघ पाहून मोरपीस ल्यालेला गोपवेषातला विष्णू आठवतो, आणि आठवण्याचं कारण त्या पिसाची झळाळी आहे. ज्याच्या चरित्रात रास आहे, मैत्री आहे, मोठा संसार आहे, त्याच्या मुकुटातल्या पिसाला शुद्ध ठरवण्यासाठी पक्ष्याचा संसार नाकारावा लागतो, हे मला कृष्णभक्तीला धरून वाटत नाही.

कुणी म्हणेल, कार्तिकेय ब्रह्मचारी आणि त्याचं वाहन मोर, तिथून ही गोष्ट आली असेल. असेलही. पण ते आपल्या मराठी घरांतलं मानणं. आपल्याच सोलापुरात, पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत, सुब्रह्मण्य स्वामी वल्ली आणि देवसेना या दोन पत्नींसह पुजला जातो. वाहन मात्र दोन्हीकडे मोरच. एका गल्लीत स्वामी ब्रह्मचारी, दुसऱ्या गल्लीत गृहस्थ, आणि मोर दोघांच्याही पायाशी तितक्याच मानानं. मोरगावचा मयूरेश्वर मोरावर बसतो. महाराष्ट्रात सरस्वतीही मोरावर बसलेली असते. मोराचा मान एवढा मोठा आहे की त्याला एका कारणाला बांधून ठेवता येत नाही.

राष्ट्रीय पक्ष्याची निवड १९६३ सालची. तेव्हा बघितलं गेलं ते हे: पक्षी देशभर आढळावा, साध्या माणसाला ओळखता यावा, आपल्या कथा-कलांत त्याला स्थान असावं, दुसऱ्या देशाच्या चिन्हाशी घोळ होऊ नये. चारित्र्याचा दाखला कुणी मागितला नव्हता. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा कौल तर माळढोकाला होता, आणि सोलापूरकरांनी हे विसरू नये. त्यांचं म्हणणं मान्य झालं असतं तर आपल्या नान्नजच्या माळावरचा पक्षी आज राष्ट्रीय पक्षी असता. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज त्याच माळावर माळढोक दिसणं अत्यंत दुर्मीळ झालंय. देशभरात मिळून ते दीडशेच्या आत उरलेत. मोराचं तसं नाही, तो वाढतोय. मोर संपत चालला म्हणून मी हे लिहीत नाही. पण जो पक्षी टिकलाय त्याच्याबद्दल आपण खरं बोलावं, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

मेसेजच्या काही प्रतींत आणखी एक वाक्य असतं, की मोर नाचला की पाऊस येतो. सोलापूरकरानं तरी हे पुढे ढकलू नये. आपल्याकडे मोर साधारण मेअखेरपासून नाचायला लागतात, जूनभर नाचतात, जुलैत नाचतात, आणि आपण आभाळाकडे बघत बसतो. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. तो येतो तेव्हा विणीचा हंगाम सरलेला असतो आणि मोराचा पिसारा झडत आलेला असतो. ऋतू जुळतात तिथे लोकांना कारण दिसलं. आपल्याकडे ते जुळतही नाहीत.

पालींचं थोडक्यात. मोर सरडे, छोटे साप, पाली खातो हे खरं. त्यावरून त्याचं पीसही पालींना घाबरवत असेल असं कुणाला वाटलं असावं. पण वाळलेलं पीस म्हणजे केराटिन, आपल्या नखांतलंच द्रव्य. पाल येते ट्यूबलाइटभोवतीच्या किड्यांसाठी. तसबिरीला मोरपिसांची जुडी लावलेली आणि तिच्याच मागे पाल मुक्कामाला, हे सोलापुरात अनेक घरांत दिसेल. वास्तुदोषाबद्दल एवढंच: ज्या पिसावरचा डोळा आपल्याकडे शुभ आणि दृष्ट काढणारा मानतात, तोच डोळा युरोपात अनेक ठिकाणी अशुभ मानला जातो, तिथे मोरपीस घरात आणत नाहीत. ग्रीक पुराणात हेरा देवीनं शंभर डोळ्यांच्या आर्गसचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवले अशी कथा आहे. पिसात स्वतःची काही शक्ती असती तर समुद्र ओलांडल्यावर ती उलटी झाली नसती. अर्थ माणसांनी दिलेत. आपल्याला प्रिय म्हणून मोरपीस घरात लावायला कुणाची हरकत नाही.

राखेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नये. आयुर्वेदात मोरपिसाच्या मषीचा, म्हणजे पीस जाळून केलेल्या औषधी राखेचा, उल्लेख आहे, ती वैद्यानं रोगी बघून द्यायची गोष्ट. गॅसवर पीस जाळून, कुठल्या बाजारातून आलं त्याचा पत्ता नसताना, दम लागलेल्या पोराला चाटवणं वेगळं. पोराची छाती खोल ओढली जात असेल, बोलताना धाप लागत असेल, तर मध शोधत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता शेवटची ओळ. मोर पिसं आपणहून गाळतो, हवी तेवढी घ्या. यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि म्हणूनच दुसरं खपून जातं.

विणीचा हंगाम संपला की साधारण ऑगस्टपासून मोराचा पिसारा झडतो आणि पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा उगवतो. एका मोराची दीडशे ते दोनशे लांब पिसं. ती एका दिवशी, एका जागी पडत नाहीत. काही आठवडे, ज्वारीच्या रानात, बाभळीच्या काट्यांत, ओढ्याच्या चिखलात, एकेक करून पडतात. काही मोडतात, काही भिजतात, काही गुरांच्या पायाखाली जातात. गोळा करणाऱ्याच्या हाती नीट येणारी पिसं कमीच. म्हणून बाजारात शेकड्यानं, एकाच लांबीची, एकही तंतू न विस्कटलेली, जुड्या बांधलेली पिसं दिसली की विचारलं पाहिजे, एवढी आली कुठून?

ओळखायची एक खूण देठाच्या टोकाशी असते. आपणहून गळलेल्या पिसाचा देठ शेवटी निमुळता, पांढुरका, पोकळ आणि कोरडा असतो. उपटलेल्या पिसाच्या टोकाला वाळलेल्या रक्ताचा, कातडीचा अंश राहतो. वन्यजीव तपासात रक्ताचा हाच अंश शोधतात. विकायला आलेल्या जुडीत देठ बहुतेक वेळा सारखे कापलेले असतात. काप सोयीसाठीही असू शकतो, पण खूण गेलेली असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्याच कायद्यानं मोराच्या पिसांना मात्र देशात बाळगण्याची, विकण्याची सूट दिली, कारण पिढ्यान् पिढ्यांचा धार्मिक वापर. परदेशी पाठवायला बंदी आहे. अमेरिकेतल्या नातवासाठी बॅगेत पीस टाकणाऱ्या आजीआजोबांनी हे लक्षात ठेवावं. कायद्याची सूट आहे ती श्रद्धेला. तिच्या आडून उपटलेलं पीस गळलेल्या पिसांत मिसळलं की दुकानात दोन्ही सारखीच दिसतात, आणि 'हवी तेवढी घ्या' हा सल्ला नेमका त्याच माणसाच्या कामी येतो.

मोरपीस वापरण्याची आपली परंपरा या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त काटेकोर होती. दिगंबर जैन मुनींच्या हातातली पिंछी, म्हणजे मोरपिसांची झाडणी, बघा. सोलापुरात आणि कुंथलगिरीच्या वाटेवर मुनींचा विहार ज्यांनी पाहिलाय त्यांना ती ओळखीची आहे. बसण्याआधी, शास्त्र ठेवण्याआधी, पाऊल टाकण्याआधी पिंछीनं जागा हलकेच झाडायची, म्हणजे मुंगीसुद्धा दुखावू नये. मोरपिसाचे पाच गुण सांगतात: धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ आहे, नाजूक आहे, हलकं आहे. आणि पीस आपणहून गळलेलंच हवं. ज्या साधनानं किडामुंगी वाचवायची ते मोराला दुखवून कसं मिळवणार? चातुर्मास संपल्यावर मुनींची पिंछी बदलली जाते आणि जुनी पिंछी संयमाचा नियम घेणाऱ्या गृहस्थाला दिली जाते. व्रत घेतो तो माणूस, जाणूनबुजून. मोरावर ते लादायची गरज जैनांना कधी पडली नाही.

वासुदेवाच्या टोपीचंही तसंच. पहाटे दारात चिपळ्या वाजवत, मोरपिसांची उंच टोपी घालून येणारा वासुदेव 'दान पावलं' म्हणतो. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांनी त्याच्यावर रूपकं रचली. ती टोपी वर्षानुवर्षं जपून वापरायची, पीस मोडलं तर तेवढंच बदलायचं. दर्ग्यात डोक्यावरून फिरणारा मोरपिसांचा कुंचा, देवावर ढाळायची मोरचेल, बेंदराला बैलाच्या माथ्यावरचं एखादं पीस, शाळेच्या वहीत जपलेलं आणि पिल्लू होईल म्हणून खडूचा चुरा घातलेलं पीस. सगळीकडे पिसं मोजकी आणि जपलेली. मेघदूतात तर भवानी कार्तिकेयाच्या मोराचं गळून पडलेलं पीस मुलाच्या मायेनं कमळाच्या पाकळीशेजारी कानावर ठेवते. कवीनं ते गळलेलंच घेतलंय. घरचाच मोर, घरचीच देवी, तरी उपटलेलं नाही.

तेव्हा यंदा पूजेसाठी मोरपीस घ्यायचंच असेल तर एक घ्या आणि देठ न कापलेलं मागा. दुकानदारानं दिलं नाही तर मागच्या वर्षीचंच ठेवा, कोरड्या जागी असेल तर त्याचा रंग जराही उतरलेला नसेल. शेतात, ओढ्याकाठी पडलेलं सापडलं तर ते खुशाल उचला. आणि विष लावलेलं बियाणं खाऊन पडलेला, तारेत अडकलेला किंवा पिसं उपटलेला मोर दिसला तर फोटो ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, गाव आणि शेताची खूण नीट सांगा, आणि माणूस येईपर्यंत कुत्री जवळ येऊ देऊ नका.